टेस्ट ओके

'क्रॉस कनेक्शन' म्हणजे काय ते आजच्या मुलांना कितीही सांगितलं तरी खरं वाटत नाही. फोन करायला रिसीव्हर उचलावा, तर आत दोन अनोळखी माणसं आधीच बोलत असायची. कुणाच्या तरी मावशीचे गुडघे, कुणाचे तरी गुळाचे भाव. मग आपण म्हणायचं, "अहो, क्रॉस कनेक्शन लागलंय, जरा ठेवता का फोन?" आणि तिकडून तितक्याच ठसक्यात, "तुम्हीच ठेवा की!" आमच्या पिढीची निम्मी करमणूक यावर झाली.

परवा हे सगळं आठवलं त्याला निमित्त झालं भलतंच. माझा भाचा फिजिक्समध्ये पीएच.डी. करतोय, क्वांटम कॉम्प्युटर हा त्याचा विषय. "मावशी, तुला समजेल असं काहीतरी पाठवतो," म्हणून त्याने गूगलच्या 'सिकॅमोर' चिपवरचा २०१९ साली 'नेचर'मध्ये आलेला निबंध पाठवला. समजेल असं त्यात फारसं काही नव्हतं (भाच्याचा माझ्यावर फार विश्वास आहे!). पण एका आकृतीच्या कडेला एक छोटासा तक्ता होता. चिपवरच्या निरनिराळ्या क्रियांत सरासरी किती चुका होतात, त्याचा. त्याला दोन रकाने होते. एक 'एकेकटं', दुसरा 'एकाच वेळी'.

तो दुसरा रकाना बघितला आणि मला नाना आठवले.

नाना, म्हणजे माझे वडील, टेलिफोनच्या केबल जोडायचे. जॉइंटर. रस्त्याच्या कडेला खड्डा, वर ताडपत्री, आत ब्लो लॅम्प आणि कंदील घेऊन बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर तेच नाना. १९८१ च्या पावसाळ्यात आमच्या गावात केबलमध्ये पाणी शिरलं आणि पन्नास जोड्यांच्या केबलचा तीन-चारशे मीटरचा तुकडा बदलावा लागला. प्रत्येक ग्राहकाला दोन तारा, म्हणजे एक जोडी. तुकड्याच्या दोन्ही टोकांना शंभर शंभर तारा जोडायच्या. नानांनी दोन रात्री खड्ड्यात काढल्या. एका टोकाला जोडून घेतलं, दुसऱ्या टोकाला बझर लावून एकेक तार ओळखून जोडली, प्रत्येक ग्राहकाची लाइन तपासली आणि रजिस्टरात लिहिलं, "टेस्ट ओके."

आणि ते खरंच ओके होतं. प्रत्येक फोन लागत होता, आवाज स्वच्छ होता.

चार दिवसांनी बाजारातल्या एका अडत्याने गावातल्या एका डॉक्टरांचं बोलणं आपल्या फोनवर ऐकलं. डॉक्टर एका मुलीच्या आजाराबद्दल मोठ्या गावातल्या डॉक्टरांना विचारत होते. नाव घेतलं होतं. त्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, आणि नवऱ्या मुलाचे काका त्या वेळी दुकानातच बसले होते. लग्न मोडलं.

झालं असं होतं की पहिल्या टोकाला अंधारात, ओल्या हातांनी, सात आणि आठ नंबरच्या जोडीतल्या एकेका तारेची अदलाबदल झाली होती. दुसऱ्या टोकाला बझरने तारा ओळखल्यामुळे प्रत्येक तार शेवटी आपापल्या घरीच पोचत होती. फक्त मधल्या त्या तुकड्यात डॉक्टरांची एक तार अडत्याच्या तारेला पीळ घालून धावत होती. याला 'स्प्लिट पेअर' म्हणतात. हिची गंमत (गंमत कसली!) अशी, की एकेक लाइन तपासली तर दोष सापडतच नाही. तो दोष कुठल्याच एका लाइनमध्ये नसतो. दोन्हीवर एकाच वेळी बोलणं चालू असेल तरच तो दिसतो.

नानांना खुलासा मागणारा मेमो आला. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. एका संध्याकाळी ते त्या मुलीच्या वडिलांकडे गेले आणि चूक माझी आहे म्हणून सांगून आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही. मात्र त्यानंतर प्रत्येक जॉइंट झाल्यावर ते एका जोडीवर टोन सोडायचे आणि आजूबाजूच्या जोड्यांवर हेडफोन लावून ऐकत बसायचे. मी तेव्हा सातवीत होते. एकदा डबा द्यायला गेले तर हेडफोन माझ्या कानाला लावून म्हणाले, "काही ऐकू येतंय?" म्हटलं, "नाही." म्हणाले, "छान. काही ऐकू न येणं हेच ऐकायचं असतं." ही जादाची तपासणी रजिस्टरात नोंदवायची त्यांची फार इच्छा होती. साहेब म्हणाले, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

असो. तर तो रकाना.

नानांच्या त्या पावसाळ्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८८१ साली, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनला एकाऐवजी दोन तारा वापरण्याचं पेटंट घेतलं. सुरुवातीला तारायंत्राची पद्धत उचलून टेलिफोनलाही एकच तार असे, परतीचा प्रवाह जमिनीतून. तारायंत्राच्या कडकट्टला ते चालून गेलं. टेलिफोनमध्ये मात्र शेजारच्या तारेवरचं सगळं कानात येऊ लागलं. दोन तारा वापरल्या आणि त्यांना पीळ दिला, किंवा खांबांवर ठराविक अंतराने त्यांच्या जागा बदलल्या, की शेजाऱ्याचा त्रास दोन्ही तारांना सारखाच होतो. रिसीव्हर दोन तारांमधला फरक ऐकतो. दोघींना सारखाच त्रास, म्हणजे फरक शून्य. किती साधी युक्ती! नानांच्या केबलमधला पीळ तो हाच, आणि तारांची अदलाबदल झाल्यावर नेमका तोच निकामी झाला होता.

पण हा त्रास येतो कुठून, हे नीट मोजायला पुढची दहा वर्षं गेली. जॉन कार्टी नावाचे अमेरिकन इंजिनिअर (हे पोरवयात बॉस्टनच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते) तारांमध्ये ठिकठिकाणी रिसीव्हर लावून ऐकत गेले. हा त्रास चुंबकीय असणार असा तेव्हाचा समज होता. तो मुख्यतः तारांवरच्या विद्युतभारामुळे होतो, असं कार्टींनी १८९१ च्या सुमारास दाखवून दिलं. पुढे १९२० च्या दशकात बेल कंपनीच्या इंजिनिअरांनी टेलिफोनच्या तारांसाठी एक एकक ठरवलं आणि त्याला बेल यांचंच नाव दिलं. डेसिबेल. एका लाइनचं बोलणं दुसऱ्या लाइनवर ६० डेसिबेल खाली असावं असं म्हटलं, म्हणजे शक्तीच्या हिशोबात दहा लाखांत एक भाग गळती. बघा, आपण दिवाळीच्या फटाक्यांना लावतो ते माप टेलिफोनच्या तारांवर जन्मलं.

आता क्वांटम कॉम्प्युटरकडे. काळजी नको, समीकरणं मलाही येत नाहीत.

नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये बिट असतो, ० किंवा १. यांच्यात क्यूबिट असतो, आणि तो ० आणि १ यांच्या मिश्रणात राहू शकतो. गूगल आणि आयबीएम यांच्या यंत्रांत क्यूबिट म्हणजे अतिसंवाहक धातूचं एक छोटंसं सर्किट. ते निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एक-दोन शतांश अंश वर, इतकं गार ठेवतात. त्यावर साधारण ५ गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्हचा झटका दिला की क्यूबिटची अवस्था बदलते. हीच त्याची 'क्रिया', म्हणजे गेट.

असा अतिसंवाहक क्यूबिट पहिल्यांदा नियंत्रणात आणला तो १९९९ साली, जपानमध्ये नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. एकच क्यूबिट. एकटाच असल्यावर क्रॉस कनेक्शन कुणाशी लागणार? तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं प्रश्न एवढाच होता की हा एक क्यूबिट किती वेळ टिकतो आणि किती अचूक वागतो.

अचूकता मोजायची एक फार छान रीत याच काळात तयार झाली. २००५ मध्ये इमर्सन वगैरे मंडळींनी ती कागदावर मांडली, २००८ मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेत निल यांच्या गटाने एका आयनवर करून दाखवली. समजा, तुम्ही घरून निघालात आणि वाटेल तशी वळणं घेत गावभर हिंडलात. मग हिशोब करून शेवटचं एकच वळण असं घेतलंत की थेट घरी. वळणं बिनचूक असतील तर शंभर टक्के घरी पोचाल. दर वळणाला जराशी चूक होत असेल, तर जितकं जास्त हिंडाल तितकी घरी पोचायची शक्यता कमी. ती किती वेगाने कमी होते यावरून दर वळणाची सरासरी चूक कळते. सुरुवातीला आणि शेवटी मोजताना होणाऱ्या चुका यात आड येत नाहीत, ही यातली खरी मेख. याला रॅंडमाइज्ड बेंचमार्किंग म्हणतात.

आणि मग २०१२ साली आयबीएममधले जे गॅम्बेटा आणि सहकारी यांनी नानांची तपासणी केली!

म्हणजे असं. पहिल्या क्यूबिटला एकट्याला हिंडवा, चूक मोजा. दुसऱ्याला एकट्याला हिंडवा, चूक मोजा. मग दोघांना एकाच वेळी, एकमेकांशी काही संबंध न ठेवता, आपापल्या वाटांनी हिंडवा आणि पुन्हा मोजा. दोघांचा खरोखरच संबंध नसेल तर आकडे तेच यायला हवेत. वाढले, तर तेवढी एकमेकांत गळती.

ही गळती दोन तऱ्हेची. एक आपल्या ओळखीची, याच्यासाठी सोडलेला मायक्रोवेव्ह त्याच्यापर्यंत जातो. आयन वापरणाऱ्या यंत्रांत तसाच लेझरचा झोत शेजारच्या आयनवर सांडतो. दुसरी तऱ्हा जास्त चमत्कारिक आहे. शेजारी काहीही करत नाही, नुसता ० ऐवजी १ अवस्थेत बसलेला असतो, आणि तेवढ्याने याची कंपनसंख्या किंचित सरकते. ती मोजायला नॉर्मन रॅम्से यांनी १९४९-५० च्या सुमारास अणूंसाठी शोधलेली रीत वापरतात. शेजाऱ्याला ० वर ठेवून याची कंपनसंख्या मोजायची, मग शेजाऱ्याला १ वर ठेवून पुन्हा मोजायची, आणि वजाबाकी करायची. झालं. (रॅम्सेंना १९८९ मध्ये नोबेल मिळालं.)

आता सिकॅमोरच्या तक्त्याकडे या. चालू क्यूबिट ५३. एका क्यूबिटवरच्या क्रियेत चूक सरासरी ०.१५ टक्के, सगळे एकदम चालू असताना ०.१६ टक्के. म्हणजे नगण्य फरक. पण दोन क्यूबिटना जोडणाऱ्या क्रियेत एकेकटं असताना ०.३६ टक्के आणि एकाच वेळी ०.६२ टक्के. दीडपटीहून जास्त!

०.३६ काय आणि ०.६२ काय, दोन्ही टक्क्याच्या आतच, असं मलाही आधी वाटलं. म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसले. त्यांच्या सर्वात मोठ्या प्रयोगात दोन-क्यूबिटच्या ४३० क्रिया होत्या. दर क्रियेला ०.३६ टक्के चूक धरली, तर फक्त या क्रियांपुरतं बघता सगळं बिनचूक पार पडायची शक्यता येते २१ टक्के. ०.६२ धरली तर ७ टक्के. म्हणजे पहिल्याच रकान्यावर विसंबणारा माणूस तिप्पट फसला असता. आणि गणित चालू असताना क्रिया एकाच वेळी होतात, कारण एकामागून एक करत बसलं तर तेवढ्या वेळात क्यूबिट आपली अवस्था विसरून जातो. त्यामुळे खरा आकडा दुसऱ्या रकान्यातला. गूगलच्या लोकांनी तो मोजला आणि पहिल्याच्या शेजारी छापला, हे मला फार आवडलं.

मोजायचं हे पटलं, तरी किती मोजणार? नानांच्या पन्नास जोड्यांतल्या कुठल्या दोन एकमेकींना त्रास देतात हे पूर्ण बघायचं तर १२२५ तपासण्या. शंभर क्यूबिट असतील तर दोघादोघांच्या जोड्याच ४९५०. तिघांनी मिळून होणारा त्रास बघायचा तर विचारूच नका. नाना रात्रभर जागून सुद्धा फक्त जवळच्या, एकाच जुडग्यातल्या जोड्या ऐकायचे. २०२० मध्ये प्रकाश मुरली आणि सहकाऱ्यांनी आयबीएमच्या २० क्यूबिटांच्या तीन यंत्रांवर जवळपास हेच केलं. त्रास मुख्यतः लगतच्या शेजाऱ्यांचाच असतो हे ओळखून तेवढ्याच जोड्या तपासल्या, आणि एकमेकांपासून लांबच्या तपासण्या एकदम उरकल्या. मोजणीचा वेळ शंभरपटीच्या घरात कमी झाला. मग ज्या क्रिया एकमेकींना फार छळतात तेवढ्याच पुढेमागे करायच्या, बाकीच्या एकत्र. एवढ्यावर काही प्रोग्रॅमांमधली चूक ५.६ पटीपर्यंत कमी झाली. एका कुटुंबात दोन जावांनी स्वयंपाकघराच्या वेळा वाटून घ्याव्यात, तसंच की हे!

त्याच वर्षी सॅंडियातल्या मोहन सरोवर यांच्या गटाने मुळालाच हात घातला. क्रॉसटॉक नाही, असं कधी म्हणायचं? त्यांची व्याख्या माझ्या शब्दांत अशी. एक, ज्याच्यावर क्रिया करायची त्याच्यावरच ती झाली पाहिजे. दोन, ती कशी होते हे शेजारी त्या वेळी काय चाललंय यावर अवलंबून असता कामा नये. यातलं काहीही मोडलं तर क्रॉसटॉक, मग कारण कुठलंही असो. नानांना ही व्याख्या एका वाचनात पटली असती.

या सगळ्याचा एवढा घोर का, तेही सांगते. क्वांटम यंत्रं चुकणारच, म्हणून १९९५ मध्ये पीटर शोर यांनी तोड काढली. एका क्यूबिटमधली माहिती नऊ क्यूबिटांत पसरून ठेवायची. एक बिघडला तर बाकीच्यांवरून चूक ओळखून दुरुस्त करता येते. पंचांसारखं. पाचातला एक पंच चुकला तर चौघे सावरून घेतात. पण ते पाचही जण आदल्या दिवशी एकाच्याच घरी जेवून आले असतील तर? मग पाच असून उपयोग काय! चुका एकमेकींपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असाव्यात, या गृहीतावर ही सगळी दुरुस्ती उभी आहे, आणि क्रॉसटॉक नेमकं तेच पोखरतो.

म्हणून तर यंत्रांची घडणच बदलत गेली. शेजाऱ्यांमधला दुवा हवा तेव्हा जोडायचा आणि एरवी बंद ठेवायचा, अशी सोय सिकॅमोरमध्ये होती. आयबीएमने २०२३ च्या 'हेरॉन' चिपमध्ये तशी केली. आणखी एक उपाय तर थेट बेलसाहेबांच्या पिळाचा भाऊ आहे. रिकाम्या वेळात क्यूबिटला मध्येच उलटा करायचा, म्हणजे आधी साचलेला त्रास नंतरच्या त्रासाने खोडला जातो. याचं मूळ १९५० मधल्या एर्विन हान यांच्या 'स्पिन एको'मध्ये आहे. तारा खांबांवर जागा बदलतात, क्यूबिट वेळेत बदलतो, एवढाच फरक. २०२४ च्या डिसेंबरात गूगलने 'विलो' या १०५ क्यूबिटांच्या चिपवर दाखवलं की दुरुस्तीसाठी जास्त क्यूबिट वापरले तर चुका खरोखर कमी होतात, दर पायरीला निम्म्याहून थोड्या खाली. त्याच निबंधात त्यांनी हेही लिहिलंय की एका चाचणीत साधारण तासाला एकदा अशा चुका आल्या, ज्यांत बरेच क्यूबिट एकदम बिघडले. तेही त्यांनी लपवलं नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडेही मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडवलेल्या, पुण्याच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेची आणि टीसीएसची साथ लाभलेल्या ६ क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. बातमी वाचून मी आपली मनात हिशोब करत बसले. सहा क्यूबिट, म्हणजे जोड्या पंधरा.

भाच्याला फोनवर नानांची गोष्ट सांगितली. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, आजोबांनी हे लिहून ठेवलंय का कुठे?" म्हटलं, नाही रे, फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

नंतर माळ्यावरची त्यांची जुनी पेटी काढून बघितली. हेडफोन आहे. एका बाजूचं रबर गेलंय. उगाचच कानाला लावून बसले थोडा वेळ. काही ऐकू आलं नाही.

छान.